तिला काय कळतंय

माझ्या जिभेला हाड नाही असं माझी अक्का म्हणते. हाड कुणाच्याच जिभेला नसतं, असं मी तिला उलट सुनावते, आणि तिचं म्हणणं तिथंच खरं ठरतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती मिरजेला. मी इथं धारवाडात, सप्तापुरात, पिठाच्या गिरणीसमोरच्या घरात, भाड्याच्या दोन खोल्यांत. लग्न केलं नाही. का नाही केलं ते पंचवीस वर्षं लोकांनी विचारलं, आता थकून गप्प बसलेत, तेच बरं आहे. नोकरी भूमापन खात्यात. जमिनीचे नकाशे, मोजण्या, उतारे, आणि त्यावरून भांडणारे सख्खे भाऊ, हे सगळं दिवसभर बघायचं आणि संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरायचं. पन्नाशीला टेकेपर्यंत मला यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, नळी घालून बघू, गुंगीचं औषध द्यावं लागेल, सोबत कुणाला तरी घेऊन या, एकटीला सोडता येणार नाही. घरी येऊन मी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत चाळली. दूधवाला, गॅसवाला, नळ दुरुस्त करणारा, आणि बाकी सगळं ऑफिस. अक्काला बोलवावं तर तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शेवटी आमच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांना विचारलं. माणूस भला, लगेच आला. पण येताना बगलेत फाईल घेऊन आला, आणि मी गुंगीतून जेमतेम डोळे उघडते न उघडते तोच दोन टिपणांवर माझी सही घेतली. ती सही कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी आली होती. ऑफिसात आठवडाभर सगळे त्यावर हसत होते, मीही हसले. पोटात काही निघालं नाही, तरी त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर रडले.

अक्का फोनवर म्हणाली, "ऑफिसबाहेरचं एक तरी माणूस जोड. एक पुरे."

सांगायला काय जातं. पन्नाशीच्या बाईनं माणूस जोडायचं म्हणजे कुठं जायचं? शाळेत होतो तेव्हा बाकावर शेजारी बसली ती मैत्रीण, इतकं सोपं होतं. मी योगाच्या वर्गाला गेले. तिथं सगळ्या डोळे मिटून बसायच्या आणि डोळे उघडले की चपला शोधत पळायच्या, कुणाला पोरांचे डबे, कुणाला कुकर. मग एका ओळखीच्या बाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. आपल्या मराठी माणसांतच बसावं म्हणून मी हौसेनं नेसून गेले. पहिल्या पाच मिनिटांत घरी कोण कोण असतं ते विचारून झालं, पुढच्या पाच मिनिटांत नोकरी कुठं ते, आणि भूमापन खातं म्हटल्याबरोबर तिघी सरसावून बसल्या. एकीच्या सासऱ्यांची मोजणी अडली होती, एकीच्या दिराचा उतारा. वाणाची डबी आणि दोन उताऱ्यांचे नंबर लिहिलेला कागद घेऊन मी घरी आले. त्यानंतर ठरवलं की इथून पुढं कुणाला नोकरी सांगायची नाही. कुणी विचारलंच तर खासगी कंपनी म्हणायचं.

केलगेरीच्या तळ्यावर मी गेले ते माणूस जोडायला नव्हे, वजन उतरवायला. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सकाळी सहाला बांधावर पोचायचं, दोन फेऱ्या मारायच्या आणि बाकावर बसून अक्काला फोन लावायचा, कारण सासूबाईंना चहा पाजून तिला तेवढाच वीस मिनिटांचा वेळ मिळतो. पहिल्याच आठवड्यात त्या बाकावर एक बाई येऊन बसल्या. साठीच्या पुढच्या, इलकल लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायांत पांढरे कापडी बूट. मी सरकून जागा दिली. त्या म्हणाल्या, "कूड्री, कूड्री," म्हणजे बसा, उठू नका. कानडी अशी खास धारवाडी की मी मनात खूणगाठ बांधली, बाई अस्सल कानडी. इथं आपण सगळेच बाहेर पाऊल टाकलं की कानडी बोलतो, त्यात विचार करावा लागत नाही. मी कानडीत दोन शब्द बोलले, त्यांनी चार. कानडी शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मालक वारले होते, तरी कुंकू सोडलं नव्हतं. मग माझा फोन लागला आणि मी अक्काशी मराठीत सुरू झाले. त्या दिवशी काय बोलले ते कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं, आमचं नेहमीचंच.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही. फेरीला माझ्याबरोबर निघायच्या आणि मग चालणं कसलं, माझ्या दोन फेऱ्यांची एक व्हायची. मला राग यायचा. वजन काय बोलून उतरणार होतं? पण एखाद्याला रोज "तुम्ही मागून या" असं तरी कसं म्हणायचं, म्हणून मी दात आवळून त्यांच्या चालीनं चालायचे आणि सगळी वाफ बाकावर बसल्यावर अक्काजवळ काढायचे. मास्तरीणबाई शेजारीच बसलेल्या असायच्या, बुटांच्या नाड्या सोडत, गुडघ्याला हात चोळत.

"अगं, कासव बरं," मी म्हणायचे. "आजपण हिनं रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याची चौकशी केली."

अक्का दबक्या आवाजात विचारायची, ती शेजारी नाही ना. आणि मी ऐटीत सांगायचे, "आहे की. इथंच बसलीय. तिला काय कळतंय."

असे आठ महिने. आता लिहितानासुद्धा माझे कान तापतात.

खरं म्हणजे पहिल्या महिनाभरानंतर मला त्यांची सवय झाली होती. बांधाच्या टोकाला एक चहाची गाडी लागते. तिथं मी एकटी असताना अख्खा चहा घ्यायचे आणि अर्धा टाकायचे. एक दिवस मास्तरीणबाईंनी मला न विचारता "बाय-टू" म्हणून सांगून टाकलं. आपल्याकडं एक चहा दोघांत घ्यायची ही रीत साऱ्या गावाला ठाऊक, ऑफिसातही रोज चालते, पण तिथं समोर जो उभा असेल त्याच्यात. माझ्यासाठी म्हणून कुणी बाय-टू मागवल्याला किती वर्षं झाली होती ते मला आठवेना. पुढं मी शेंगाचटणीची बाटली नेली, त्यांनी लोणचं आणलं. त्यांनी मला पक्ष्यांची नावं सांगितली, मी त्यांना फोनवर पैसे कसे पाठवायचे ते शिकवलं. मी सुट्टीच्या दिवशीही सहाला जायला लागले. हे सगळं मी अक्काला सांगितलं का? नाही. चांगलं ते मनात ठेवायचं आणि वाकडं तेवढं फोनवर बोलायचं, अशी माझी जातच. एकदा अक्कानं विचारलं, बरी आहे का गं ती बाई. तर मी म्हणाले, दगडापेक्षा वीट मऊ. आणि वीट शेजारी बसून दोरीच्या पिशवीतून माझ्यासाठी पेरू काढत होती.

सगळ्यांत वाईट बोलले ते दिवाळीच्या सुमाराला. त्या दिवशी मास्तरीणबाईंनी पहिल्यांदाच घरचं काही सांगितलं. एकुलता मुलगा बेंगळूरला, सुनेनं वेगळं बिऱ्हाड मागून घेतलं, सणाला येतो म्हणाले आणि आले नाहीत, फोनही दोन मिनिटांचा. मी कानडीत जे म्हणायचं असतं ते म्हटलं, होतं असं, आजकालची मुलं, मनाला लावून घेऊ नका. आणि पाच मिनिटांनी अक्काचा फोन लागल्यावर मराठीत म्हणाले, "सून पळणारच गं. सकाळचा एक तास मी ऐकते तर माझं डोकं फुटायची वेळ येते. त्या पोरीनं चोवीस तास ऐकलं असेल. वेगळी राहिली म्हणून वाचली."

त्यानंतर पाच दिवस मास्तरीणबाई आल्या नाहीत. सहाव्या दिवशी आल्या तेव्हा म्हणाल्या, गुडघा धरला होता. मी तेलाचं नाव सुचवलं.

फाल्गुनात अक्काच्या मुलीचं डोहाळजेवण ठरलं. खण घ्यायला मी रजा टाकून हुबळीला गेले. दुर्गदबैलाच्या बाजारात नेहमीप्रमाणं हातगाड्या आणि रिक्षा एकमेकांत अडकल्या होत्या. त्यातून वाट काढत एका जुन्या कापडदुकानात शिरले. दुकानदार मराठी, म्हणून दोन गिऱ्हाइकं आटपायची वाट बघत दाराजवळ उभी राहिले. आत गादीवर माझ्याकडं पाठ करून एक बाई बसली होती आणि समोरच्या खणांच्या थप्पीवरून दुकानदाराला झापत होती.

"हा रंग मला दाखवू नकोस. गेल्या खेपेला असाच गळ्यात मारलास आणि पहिल्या धुण्यात विटला. तुझ्या आजोबांनी मला कधी असला माल दिला नव्हता."

दुकानदार हसून म्हणाला, "तेव्हा तुझ्याकडून नफा घेत नव्हते, आत्या. आता घेतो."

मराठी कसं, तर सांगली-कोल्हापूरकडचं खणखणीत. आणि आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा. खाली बघितलं तर लुगड्याखालून पांढऱ्या कापडी बुटांच्या टाचा दिसत होत्या.

दुकानदार "या बाई, काय दाखवू" म्हणेपर्यंत मी पायरी उतरले होते. एका हातगाडीवर गुडघा आपटला, गाडीवाल्यानं कानडीत माझा उद्धार केला, तो मी खाली मान घालून ऐकून घेतला. धारवाडच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले आणि आठ महिन्यांत काय काय बोलले ते एकेक आठवायला लागले. कासव. कुत्री. त्यांच्या कुंकवाच्या आकाराबद्दल एकदा. त्यांच्या लोणच्यात मीठ जास्त, हे तर ते लोणचं खाताखाता. वीट. आणि मग सून. सून आठवली तेव्हा वाटेतलं उन्कल मागं पडलं होतं, आणि मला खरोखर वाटलं की पुढच्या थांब्यावर उतरावं आणि कुठंही चालत सुटावं. तेव्हा गुडघा त्यांचा धरलाच नव्हता. पाच दिवस त्या माझ्या बोलण्यानं घरात बसल्या होत्या, आणि मी त्यांना तेल सांगत होते.

एक प्रश्न मात्र सुटेना. सगळं कळत होतं तर ही बाई रोज येऊन माझ्याशेजारी बसत का होती?

तीन दिवस मी तळ्यावर गेले नाही. अक्काला घरूनच फोन केला आणि सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली. मग सून आठवली तशी हसायची थांबली. मलाही पापात ओढलंस म्हणाली, कारण त्या बोलण्यावर तीही हसली होती. मी म्हणाले, तळं बदलते, साधनकेरीला जाते, नाहीतर चालायचं सोडूनच देते. ऑफिसात तरी माणसं आहेत की. हे बोलले आणि माझा मलाच हुंदका आला. अख्ख्या गावात मिळून एक माणूस मिळालं होतं, आणि ते टिकवायची अक्कल मला नव्हती.

अक्का म्हणाली, "तोंडानं घालवलंस ना, मग तोंडानंच परत आण. फोन ठेव आणि उद्या जा."

चौथ्या दिवशी गेले. सहाला दहा मिनिटं कमी होती, तरी मास्तरीणबाई बाकावर होत्या. मला लांबून बघितलं आणि नुसत्या बघत राहिल्या. बांधावर तेवढं अंतर चालताना कुठल्या भाषेत सुरुवात करायची हेच मला कळेना. कानडीत बोलावं तर पुन्हा सोंग, मराठीत बोलावं तर सगळंच उघडं. समोर उभी राहिले. आठ महिने पोपटासारखी चालणारी जीभ टाळूला चिकटून बसली होती. शेवटी मराठीत म्हणाले, "चुकलं माझं."

"बस गं," त्या मराठीत म्हणाल्या. कानडीत त्या मला कायम अहोजाहो करायच्या. "दुकानात आरसा आहे. तुला पळताना बघितलं मी."

मी बसले. मग मात्र माझा बांध फुटला. कासवापासून सगळं कबूल करत गेले. त्या मध्येमध्ये मान हलवत होत्या, एकदोनदा हसल्याही. लोणच्यात मीठ जास्तच होतं म्हणाल्या. माझी खासगी कंपनी म्हणजे कुठलं ऑफिस ते त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आमच्या साहेबांना मी फोनवर कुठल्या कुठल्या पदव्या देते तेही पाठ होतं. त्यांच्या आईच्या नावचा एक प्लॉट त्याच ऑफिसात दोन वर्षं अडकून पडलाय, हे मला तिथं त्या बाकावर पहिल्यांदा कळलं. आठ महिन्यांत त्यांनी एकदाही ते काम मला सांगितलं नव्हतं. आणि मग मी सुनेचं काढलं.

त्या वाकल्या. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. म्हणाल्या, ते लागलं. खूप लागलं. पाच दिवस दार लावून घरात बसून तुला शिव्या दिल्या. सहाव्या दिवशी वाटलं, बोलली ती वाईट, पण मी सुनेला कधी बोलू दिलं होतं का. सुनेला फोन केला, आणि दहा मिनिटं आपण काही न बोलता नुसतं ऐकून घेतलं. तेव्हापासून पोरगी रविवारी आपणहून फोन करते.

हे ऐकून माझ्या छातीवरचा अर्धा धोंडा उतरला. उरलेल्या अर्ध्यासाठी विचारलं, की पहिल्याच दिवशी मला गप्प का नाही केलंत. मराठी येतं एवढं म्हणाला असतात तर हे पुढचं काहीच झालं नसतं.

"म्हणणारच होते," त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू अक्काला सांगितलंस, मी घरात मेले तर वास सुटेल तेव्हाच घरमालकांना कळेल. आणि हसलीस."

मी असं म्हणाले होते? मला काही म्हणता काही आठवत नव्हतं. असलं मी कितीतरी वेळा म्हणते, अक्कालाही त्याचं काही वाटेनासं झालंय.

"तुला विनोद वाटला असेल. मला त्या रात्री झोप लागली नाही. ऐकलं म्हणून सांगितलं असतं तर तू लाजून परत आली नसतीस, मग तुझं बरंवाईट कुणाला कळणार होतं? मला काही चालायची हौस नाही, गुडघ्यामुळं तर डॉक्टरांनी बंदीच केलीय. मी रोज सहाला येते ती तू आलीस की नाही बघायला."

त्या तळ्याकडं बघत होत्या.

मग थोड्या रागानंच म्हणाल्या, तीन दिवस आली नाहीस, निरोप नाही. नंबर असून फोन केला नाही, उचलला नसतास तर काय करायचं ही भीती. काल दहाच्या सुमाराला तुझ्या गल्लीत येऊन गेले. गिरणीसमोरचं घर, हे फोनवरच ऐकलं होतं. जिन्याखाली उभी राहिले. वरच्या गॅलरीत ओले कपडे वाळत होते, खाली पाणी ठिबकत होतं. म्हटलं, धुणं धुतलंय म्हणजे बाई धड आहे. मग गेले.

मला आधी रडू आलं आणि रडताना इतकं हलकं वाटलं की हसूही आलं. पन्नास वर्षांच्या बाईनं तळ्याच्या बांधावर तोंडावर पदर घेऊन हुंदके द्यावेत हे काही बरं दिसत नाही. फिरणारे वळून बघत होते, बघोत बापडे. मास्तरीणबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि विचारणाऱ्यांना कानडीत सांगत राहिल्या की काही नाही, बरी आहे ती. मला कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

आमच्या घरी मागच्या बाजूलाही कपड्यांची दोरी आहे. ऊन तिकडंच जास्त येतं, आणि पुढच्या धुण्याचं पाणी जिन्यावर पडतं म्हणून घरमालकीण अधूनमधून कुरकुरते. मी हो म्हणते, आणि रोज सकाळी कामावर जायच्या आधी एक तरी ओला टॉवेल पुढच्या दोरीवर टाकून जाते.